शाळेसाठी मायक्रोस्कोप घ्यायचाय: कोणता घ्यावा, आणि स्लाइडमध्ये नीट काही दिसत का नाही?

संगमेश्वरी_मास्तर

नमस्कार मंडळी. मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. यंदा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून २५ हजार रुपये दिलेत. अट एकच, की वस्तू कपाटात न ठेवता मुलांच्या हातात द्यायची. मायक्रोस्कोप घ्यायचं ठरलंय.

सध्या आमच्याकडे एक जुना आरशाचा मायक्रोस्कोप आहे. १०एक्स आणि ४५एक्स (एक्स म्हणजे पट) अशा दोन लेन्स. १०ची बरी आहे, ४५ची फिरवली की सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं. एका विक्रेत्याने २०००एक्सचा मायक्रोस्कोप सुचवलाय. दुसरा म्हणतो, यूएसबीवाला घ्या, थेट प्रोजेक्टरवर दिसेल. कुणी स्टिरिओ म्हणतं, कुणी कागदाचा फोल्डस्कोप म्हणतं. माझा गोंधळ उडालाय.

दुसरी अडचण स्लाइडची. कांद्याचा पापुद्रा जमतो. त्यापुढे गाडी जात नाही. खोडाचा छेद घेतला की काळी चकती दिसते. बुडबुडे तर इतके येतात की गेल्या वर्षी निम्म्या वर्गाने वहीत बुडबुडाच पेशी म्हणून काढला, वर त्याला केंद्रकही दिलं. तयार स्लाइडांची पेटी विकत मिळते हे माहीत आहे, पण मुलांनी आपल्या परड्यातली, बांधावरची वस्तू उचलून आणावी आणि तिच्यात पेशी बघाव्यात असं मला फार वाटतं. कुणी अनुभवी माणसाने सांगितलं तर उपकार होतील.

---

लॅबमधल्या_काकू

सर, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झाले. प्रॅक्टिकलच्या आधी मटेरियल आणणं, स्टेन म्हणजे पेशी रंगवायची द्रावणं बनवणं, मुलांच्या टेबलाशी उभं राहून स्लाइड बघणं हेच माझं काम होतं. त्यामुळे सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी २०००एक्सचं. तो घेऊ नका. मायक्रोस्कोपचा आकडा म्हणजे खालच्या लेन्सचा आकडा गुणिले आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचा आकडा. आयपीस मोठा लावला की आकडा कितीही फुगवता येतो. बारकावा किती दिसणार हे ठरतं खालच्या लेन्सवर, म्हणजे ऑब्जेक्टिव्हवर. तुमच्या ४५च्या लेन्सवर नीट बघा, ४५च्या पुढे ०.६५ असं कोरलेलं असेल. त्या आकड्याला न्युमेरिकल अॅपर्चर म्हणतात, लेन्स किती तिरपा उजेड आत घेते त्याचं ते माप. त्या आकड्याला हजाराने गुणा, ६५० आलं. त्या लेन्सला तेवढंच मोठं करणं उपयोगाचं. ४५ला १५चा आयपीस लावला की ६७५ होतात, म्हणजे तिथे हद्द संपली. पुढे फक्त धूसरपणा मोठा होतो. १००ची, तेलाचा थेंब घालून वापरायची लेन्स असते तिचा आकडा साधारण १.२५, म्हणून तिच्यावर हजार-सव्वा हजारापर्यंत अर्थ आहे. २००० आणायचे तर त्याच लेन्सवर २०चा आयपीस बसवतात, आणि दिसतं तेवढंच दिसतं. प्रकाशाच्या लहरींनाच मर्यादा आहे. अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये हे गणित मांडलं. साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळजवळचे दोन ठिपके साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपमध्ये वेगळे दिसत नाहीत, यंत्र कितीही महाग असो.

आता कोणता घ्यावा. शाळेला एक चांगला कंपाउंड घ्या. ४, १०, ४० अशा तीन लेन्स पुरेत. १००ची असली तर ठीक, नसली तर अडत नाही. मात्र स्टेजखाली, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पाटीखाली, उजेड एकवटणारा कंडेन्सर आणि उजेड कमी-जास्त करायला उघडझाप करणारा डायफ्रॅम हवाच, आणि दिवा एलईडीचा, बॅटरीवर चालणारा हवा. कोकणात पावसाळ्यात वीज किती असते ते तुम्हीच जाणता, आणि आभाळ भरून आलं की आरशात उजेडच येत नाही. आरशाचा वापरत असाल तर मुलांना एक ताकीद पहिल्याच दिवशी द्या: आरसा थेट सूर्याकडे कधीही फिरवायचा नाही. डोळा जाईल.

पैसे देण्याआधी कांद्याचा पापुद्रा घेऊन जा आणि दुकानात स्वतः लावून बघा. १०वर फोकस करा आणि लेन्स ४०वर फिरवा. चित्र जवळपास फोकसमध्ये राहिलं पाहिजे आणि मध्यावरून फार सरकता कामा नये. मग मोठा स्क्रू फिरवून हात काढा. स्टेज आपोआप खाली घसरत असेल तर तो परत ठेवा. मुलांच्या हातात असा मायक्रोस्कोप म्हणजे रोज फुटलेल्या कव्हरस्लिपा, स्लाइडवर झाकायच्या पातळ काचा.

उरलेल्या पैशात दोन-तीन साधे डिसेक्टिंग मायक्रोस्कोप घ्या, एका भिंगाचे. त्याखाली जास्वंदीचा अंडाशय सुईने उघडून बघता येतो, भाताची फुलं सोडवता येतात. स्टिरिओ म्हणजे त्याचाच मोठा भाऊ. दोन डोळ्यांनी बघायचं, उजेड वरून पडतो, वस्तू उठावदार आणि सुलट दिसते. किडे, बिया, नेचे यांना त्याच्यासारखं दुसरं नाही, पण चांगला घ्यायला गेलात तर तुमचा सगळा निधी त्यातच जाईल. यूएसबीवाल्याच्या खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा पडद्यावर चित्र किती मोठं होतं त्याचा असतो. पानाचा पृष्ठभाग आणि मुंगी दाखवायला तो चालेल, पेशींसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि फोल्डस्कोप जरूर घ्या. मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये तो तयार केला, २०१४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. कागदाची घडी आणि एक इवलंसं भिंग, पण साधारण १४०पट मोठं दिसतं आणि दोन मायक्रॉनपर्यंतचा बारकावा कळतो. तुमच्या माजी विद्यार्थ्यांची अट सगळ्यात नीट हाच पाळेल. मुलं तो दप्तरात घालून घरी नेऊ शकतात.

आता स्लाइड, म्हणजे माझा खरा विषय. सर, मायक्रोस्कोपात आपण वस्तूच्या आरपार आलेला उजेड बघत असतो. उजेड आरपार गेला नाही तर काळी चकतीच दिसणार. म्हणून वस्तू एका पेशीच्या जाडीची हवी. कांद्याचा पापुद्रा जमतो तो एवढ्यासाठीच, निसर्गानेच तो एका थराचा दिलाय. मग सुरुवातीला अशाच वस्तू शोधा ज्या कापाव्या लागत नाहीत. तुमच्या भागात त्यांची खाण आहे.

शाळेच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर पावसाळ्यात हिरवं मखमली मॉस येतं. त्याचं एक पान चिमट्याने उपटा, पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप टाका. पान मधली शीर सोडली तर एकाच थराचं असतं. एकेका पेशीत हरितलवके, म्हणजे हिरवे कण, मोजता येतात. स्टेनसुद्धा लागत नाही. तळ्यात हायड्रिला असेल तर त्याचं कोवळं पान तसंच ठेवा आणि दिव्याखाली थोडा वेळ थांबा. मधल्या शिरेजवळच्या पेशींत हरितलवके भिंतीच्या कडेकडेने फिरायला लागतात. मुलांना पेशी जिवंत असते हे शब्दांत सांगून जे पटत नाही ते इथे पटतं.

केना तर बांधावर कुठेही मिळेल. पान दुमडून मोडा आणि तिरपं ओढा, खालच्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. त्यात पर्णरंध्रं इतकी ठळक दिसतात की पुस्तकातली आकृती फिकी पडावी. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावा. पाणी आत ओढलं जातं आणि रंध्राच्या कडेच्या रक्षक पेशींमधलं पाणी निघून रंध्र बंद होताना दिसतं. बागेत जांभळ्या पानांचा रिओ असेल तर त्याच्या पापुद्र्यावर हेच करा. जांभळा रस आकसून भिंतीपासून सुटतो.

तेरडा फुलला की त्याचे परागकण साखरेच्या १० टक्के द्रावणात झटका आणि १५ ते ३० मिनिटांनी बघा. परागनलिका फुटलेल्या असतात.

आणि नेचे! हे मला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा थांबून सांगते. नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके असतात ना, त्यातलं थोडं पिकलेलं सुईने खरवडून कोरड्या स्लाइडवर घ्या. १०च्या लेन्सखाली लांब दांड्याच्या चपट्या पिशव्या दिसतील, आणि प्रत्येकीच्या पाठीवर जाड भिंतींच्या पेशींची एक रांग, कण्यासारखी. आता कव्हरस्लिप न टाकता बाजूने ग्लिसरीनचा छोटा थेंब लागू द्या आणि डोळा काढू नका. ग्लिसरीन त्या कण्यातल्या पेशींमधलं पाणी ओढून घेतं. कणा सरळ होत होत मागे वाकतो, पिशवी फाटते, बीजाणू घेऊन तो पूर्ण उलटा होतो, आणि एका क्षणात फटकन परत मिटतो. बीजाणू उडालेले असतात. एक फुटली की शेजारची फुटते. वर्गात हे दाखवलं की पुढचं पोरगं आयपीसवरून बाजूला व्हायला तयार नसतं.

बुडबुड्यांचं सोपं आहे. बुडबुडा अगदी गोल असतो, त्याला जाड काळी कड असते आणि फोकस वर-खाली केला की कड जाड-बारीक होते. पेशीची भिंत तशी वागत नाही. मुलांना एकदा मुद्दाम बुडबुड्यांची स्लाइड करून दाखवा, मग कायमचं लक्षात राहतं. टाळायचे असतील तर कव्हरस्लिपची एक कड आधी थेंबाला टेकवा, पाणी कडेने पसरू द्या, मग दुसरी बाजू सुईवर टेकवून सावकाश खाली सोडा. वरून टपकन टाकली की हवा अडकलीच.

शेवटचं म्हणजे उजेड. मुलं सगळा डायफ्रॅम उघडतात आणि भगभगीत उजेडात न रंगवलेली पेशी नाहीशी होते. डायफ्रॅम हळूहळू बंद करत जा, भिंती आपोआप उठून दिसतील.

---

रक्ततपासनीस_रत्नागिरी

काकूंनी वनस्पतींचं इतकं सुरेख सांगितलंय की मी फक्त माझ्या बाजूचं जोडतो. मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर १००च्या तेलाच्या लेन्सखाली डोळे असतात.

मास्तर, गालाच्या आतल्या पेशी जरूर दाखवा. प्रत्येक मुलाला नवीन टूथपिक द्या, तिच्या बोथट बाजूने अलगद खरवडायला सांगा, ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात पसरवा आणि मिथिलीन ब्लूचा पातळ थेंब द्या. साधं पाणी घेऊ नका, पेशी फुगतात. वापरलेल्या टूथपिका आणि स्लाइडा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात टाका, एकाची वस्तू दुसऱ्याने हाताळायची नाही.

रक्त मात्र शाळेत काढू नका. सुई टोचून वर्गात रक्ताची स्लाइड करणं आता योग्य नाही, एकाचा संसर्ग दुसऱ्याला व्हायचा धोका असतो. रक्तपेशी दाखवायच्या तर तयार रंगवलेली स्लाइड विकत घ्या, किंवा परवानगी काढून मुलांना जवळच्या सरकारी लॅबमध्ये घेऊन जा. ताप आलेल्या माणसाच्या बोटातून घेतलेल्या थेंबाचं पुढे काय होतं हे त्यांना कळायलाच हवं.

आम्ही एकाच स्लाइडवर दोन तऱ्हेचे स्मिअर, म्हणजे रक्ताचे पसरलेले थर, करतो. पातळ स्मिअरमध्ये थेंब दुसऱ्या स्लाइडच्या कडेने तिरपा पुढे ओढायचा, शेवटाला पिसासारखी विरळ शेपटी यायला हवी. त्या शेपटीजवळ पेशी एकमेकींवर न चढता सुट्या पसरतात. तांबडी पेशी साधारण ७ मायक्रॉनची, त्यामुळे बाकी कुठलीही वस्तू मोजायला ती आमची पट्टीच असते. हा स्मिअर मिथेनॉलने पक्का करतात. जाड स्मिअर मात्र मुद्दाम पक्का करत नाहीत. स्टेनच्या पाण्याने त्यातल्या तांबड्या पेशी फुटून जातात आणि मलेरियाचे परजीवी तेवढे उरतात. कमी जागेत जास्त रक्त तपासता येतं, म्हणून परजीवी आहे की नाही ते जाड स्मिअरमध्ये बघायचं आणि कोणत्या जातीचा आहे ते पातळमध्ये ओळखायचं. भारतात मलेरियाच्या कामात जेएसबी स्टेन वापरतात. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांच्या नावाचा तो, आपल्याच देशात तयार झालेला.

तेल का लागतं हे मुलं विचारतीलच. काचेतून हवेत शिरताना उजेड वाकतो आणि कडेचे किरण लेन्सपर्यंत पोचतच नाहीत. त्या तेलाचा अपवर्तनांक १.५१५च्या आसपास, म्हणजे काचेइतकाच. मधे हवा न राहिल्याने तिरपे किरणही आत येतात. तेल १००च्याच लेन्सला. ४०च्या लेन्सला लागलं तर लगेच लेन्स पेपरने टिपून घ्या.

मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांची गोष्ट मुलांना सांगा. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. रॉस डासाचं पोट सोडवून मायक्रोस्कोपखाली पेशी न् पेशी तपासत होते. उकाडा असह्य, पण पंखा लावता येत नव्हता, कारण वाऱ्याने डास उडून जायचे. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते, उरलेला एकमेव आयपीसही तडकलेला. त्याच यंत्रात त्यांना डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवीचे रंगकण असलेल्या पेशी दिसल्या. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

---

पुणे_पीएचडी

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपबद्दल मुलं विचारतील म्हणून थोडक्यात. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरतात. क्नॉल आणि रुस्का यांनी १९३१ मध्ये पहिलं असं यंत्र बनवलं, रुस्का यांना नोबेल मिळालं ते थेट १९८६ मध्ये. आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे ओली, जिवंत पेशी नेहमीच्या यंत्रात तशीच ठेवता येत नाही. आरपार बघायच्या यंत्रासाठी, म्हणजे टीईएमसाठी, नमुना ग्लुटारअल्डिहाइड आणि ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये पक्का करतो, अल्कोहोलमध्ये टप्प्याटप्प्याने पाणी काढतो, रेझिनमध्ये बसवतो आणि काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचे काप घेतो. ते ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर उचलायचे. काकू म्हणतात तेच इथेही: आरपार गेलं पाहिजे. पृष्ठभाग बघायच्या एसईएमसाठी वस्तू वाळवून तिच्यावर सोन्याचा अतिपातळ थर देतात. वाळलेले परागकण त्यासाठी सगळ्यात सोयीचे.

न रंगवलेल्या जिवंत पेशींसाठी फेज कॉन्ट्रास्ट असतो, म्हणजे पारदर्शक भागांतला सूक्ष्म फरक उजळ-काळा करून दाखवणारा मायक्रोस्कोप. फ्रिट्स झेर्निके यांना त्यासाठी १९५३चं नोबेल मिळालं. शाळेला तो घेण्याची गरज नाही. काकूंनी डायफ्रॅमचं सांगितलंय त्यावर भागेल.

---

संगमेश्वरी_मास्तर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! शनिवारी गडग्यावरचं मॉस आणि नेचे दोन्ही करून बघितलं. नेच्याच्या पिशव्या फुटायला लागल्यावर नववीच्या वर्गात जो आरडाओरडा झाला तो ऐकून मुख्याध्यापक धावत आले आणि तेही रांगेत उभे राहिले.

काकू, आता दोन गोष्टी. नववीला ऊती आहेत, तेव्हा खोडाचा छेद घ्यावाच लागेल. तो पातळ कसा घ्यायचा? आणि जुन्या मायक्रोस्कोपच्या ४५च्या लेन्समध्ये टॉर्च मारून बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ते काय आहे?

---

लॅबमधल्या_काकू

सर, धागे म्हणजे बुरशी. कोकणातल्या दमट हवेत काचेवर ती वाढते. बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर लेन्स पेपरला अल्कोहोल लावून मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने पुसा. आत असेल तर लेन्स उघडू नका, जाणत्या मेकॅनिककडे द्या. बुरशी फार दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाऊन टाकते आणि मग ती लेन्स बदलावीच लागते. नवीन मायक्रोस्कोप आला की पावसाळ्यात त्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून बंद कपाटात ठेवू नका, आत ओल कोंडते. लेन्स काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर परतून पुन्हा निळे करून घ्यायचे, तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरू नका. कपाटात कमी वॅटचा बल्ब सतत लावून ठेवला तरी फरक पडतो, पण सगळ्यात उत्तम म्हणजे मायक्रोस्कोप रोज वापरात ठेवणं.

आता छेद. खोड कोवळं घ्या, पेन्सिलीएवढं किंवा त्याहून बारीक. सूर्यफूल असेल तर उत्तम, नसेल तर टाकळा घ्या, तुमच्याकडे रस्त्याच्या कडेला रान माजलेलं असतं. एकदलासाठी मका. जून, लाकूड झालेलं खोड घेतलं तर ब्लेड अडकतं आणि छेद फाटतो. पानाचा छेद हवा असेल तर गाजराच्या तुकड्याला खाच पाडून पान त्यात घाला आणि दोन्ही एकत्र कापा.

ब्लेड नवीन हवं. एका वर्गाला एक ब्लेड पुरवायला गेलात तर काही हाती लागणार नाही. आठवीच्या मुलांना ब्लेड देऊ नका, त्यांच्यासाठी छेद तुम्ही घ्या. नववी-दहावीला एकधारी ब्लेड द्या, पाठीला जाड पट्टी असलेलं.

खोड डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात उभं धरायचं, टोक बोटांच्या थोडं वर. अंगठा बोटापेक्षा जरा खाली, म्हणजे ब्लेड सरकलं तरी लागत नाही. कोपर अंगाशी टेकवा, हात थरथरत नाही. खोडाचं टोक आणि ब्लेड दोन्ही पाण्याने ओलं करा. आधी वरचा भाग कापून टोक सपाट करून घ्या. मग ब्लेड आडवं धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतःकडे सरकवत एकाच ओढीत आणायचं. दाबायचं नाही, करवतीसारखं पुढेमागे करायचं नाही. थांबलात की तिथे पायरी पडते. एकामागून एक भराभर घेत जा, निवडत बसू नका. ब्लेडवर जमलेले छेद ब्रशने वॉच ग्लासमधल्या, म्हणजे काचेच्या उथळ वाटीतल्या, पाण्यात सोडा.

निवड नंतर. वॉच ग्लासखाली काळा कागद ठेवला की जाड छेद पांढरे दिसतात आणि पातळ छेद दिसतच नाहीत, नुसती कड चमकते. तोच उचलायचा. इथे मुलांची नेहमीची समजूत आड येते. त्यांना पूर्ण गोल छेद हवा असतो, म्हणून ती जाडजूड चकती निवडतात. परीक्षेत असंख्य मुलांना मी हे सांगत आले: पाव तुकडा असला तरी चालेल, पण पातळ हवा. त्या पाव तुकड्यात बाह्यत्वचेपासून गाभ्यापर्यंत सगळे थर एकदा मिळाले की पुरे. मुद्दाम तिरकी ओढ घेऊन एका कडेला निमुळता होत जाणारा छेद घ्या, त्याच्या पातळ कडेला नक्की एका पेशीचा थर सापडतो.

सॅफ्रनीन या लाल रंगाच्या १ टक्का द्रावणात तीन-चार मिनिटं ठेवा, मग पाण्यात धुवा, रंग निघायचा थांबेपर्यंत. लिग्निन (पेशीभिंत कठीण करणारा पदार्थ) असलेल्या भिंती, म्हणजे प्रकाष्ठ (पाणी वाहणारी ऊती) आणि दृढकोशिका (आधार देणाऱ्या पेशी), लालभडक राहतात. बाकीच्या भिंती फिकट होतात. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात माउंट करा. साध्या पाण्यातली स्लाइड तास संपायच्या आत वाळते, ग्लिसरीनमधली टिकते. आधी ४ची लेन्स, मग १०. सूर्यफुलाच्या खोडात वाहक पूल (पाणी-अन्न वाहणाऱ्या ऊतींचे जुडगे) वर्तुळात मांडलेले दिसतील, मक्यात ते सगळीकडे विखुरलेले. एका टेबलावर दोन्ही शेजारी ठेवा, द्विदल आणि एकदल यांतला फरक मुलं स्वतःच सांगतील.

४०वर जाताना बाजूने बघत लेन्स फिरवा. तिच्यात आणि कव्हरस्लिपमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जागा असते. आणि ४०वर गेल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू.

---

संगमेश्वरी_मास्तर

काकू, एवढ्या कष्टाने जमलेला छेद फेकवत नाही. तो पुढच्या वर्षीपर्यंत टिकवता येईल का? शाळेत कायमची स्लाइड करायला लागणारं झायलीन, डीपीएक्स वगैरे नाही.

---

लॅबमधल्या_काकू

येईल. झायलीनच्या वाफा शाळेच्या बंद खोलीत नकोतच. ग्लिसरीनमध्ये माउंट केलेल्या स्लाइडच्या कव्हरस्लिपबाहेर आलेलं ग्लिसरीन टिपकागदाने पूर्ण टिपून घ्या. काच थोडी जरी चिकट राहिली तर पुढचं धरत नाही. मग चारही कडांना पारदर्शक नेलपॉलिश लावा, अर्धं काचेवर अर्धं कव्हरस्लिपवर येईल असं. वाळल्यावर दुसरा हात द्या. स्लाइड आडवीच ठेवायची, उभी केली की छेद घरंगळतो. सॅफ्रनीनचा रंग अंधारात जास्त टिकतो, म्हणून डब्याला झाकण असू द्या.

डाव्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर पेन्सिलीने लिहा: वनस्पतीचं नाव, भाग, आडवा छेद की उभा, स्टेन, तारीख, आणि ज्याने छेद घेतला त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव.